बोलणाऱ्या पेटीचा दिवस

क्षय झाल्याचं कळलं, की माणूस औषधाच्या आधी एक गोष्ट शोधतो. हे दुखणं ज्याला होऊन गेलं आणि जो अजून चालता-बोलता आहे, असं कुणीतरी. मला त्या वेळी तसं कुणी भेटलं नाही. म्हणून आता शहापुरातल्या आमच्या पडवीत बसून हे लिहिते आहे. आत मागाचा खटखटाट चालू आहे. त्या आवाजात मला चांगलं लिहिता येतं.

आवाज बसला

मी मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. संक्रांतीच्या सुमारास माझा आवाज बसला. पन्नास मुलींपुढं रोज पाढे म्हणून घेतल्यावर आवाज बसायचाच, असं आम्ही सगळेच म्हणालो. सासूबाईंनी अडुळशाचा काढा दिला, गळ्याला गरम मिठाची पुरचुंडी लावली. शिमगा झाला, पाडवा आला, तरी आवाज सुटेना. गिळताना कानात कळ येऊ लागली. संध्याकाळी अंगात कणकण असायची. पोलक्याच्या बाह्या सैल पडल्या, त्या मी कुणाला न सांगता आत शिवून घेतल्या.

शेवटी आमचे हे मला टांग्यातून लष्कराच्या कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी कपाळाला आरसा बांधला, माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली आणि घशात दुसरा लहानसा आरसा घालून बराच वेळ पाहिलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. तीन दिवसांनी आम्ही परत गेलो.

"क्षय आहे," डॉक्टर म्हणाले. "छातीत थोडा, घशात जास्त. माळावरच्या दवाखान्यात जावं लागेल. आणि आजपासून बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही. कुजबुजण्यानं घशाला उलट जास्त ताण पडतो."

"किती दिवस?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हे विचारलंत, हेच शेवटचं," ते म्हणाले.

कठोर वाटेल, पण त्यांनी तसं सांगितलं ते बरं झालं. गोड बोलले असते तर मी घरी जाऊन चार शब्द तरी बोललेच असते.

परतताना हे एक अक्षर बोलले नाहीत. मागावर बसणारा माणूस, मुळातच कमी बोलणारा. शहापूरच्या तोंडाशी त्यांनी टांगा थांबवला, एका दुकानात गेले आणि हातात पाटी घेऊन आले. लाकडी चौकटीची, शाळेतल्या मुलींच्या असते तशी. पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. ती माझ्या मांडीवर ठेवून ते पुन्हा शेजारी बसले.  घर येईपर्यंत ती नुसती धरून बसले.

घरातली माणसं

माझी मुलगी इंदू तेव्हा अडीच वर्षांची होती. तिला जवळ घ्यायचं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. निघायच्या दिवशी सासूबाईंनी तिला शेजारी नेऊन बसवलं. माझं ताट त्यांनी आधीच वेगळं काढलं होतं. त्याच्या काठाला खिळ्यानं एक खूण केली होती. ती खूण पाहून मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात फार वाईट बोलले, आणि पुढं वर्षभर त्याच बाईनं माझं मूल पोटच्या मुलासारखं सांभाळलं. भीती आणि माया एकाच माणसात असू शकते. आजारी माणसानं हे लवकर ओळखलं तर त्याचा जीव कमी जळतो.

मी दवाखान्यात असताना वडगावचे एक नातेवाईक ह्यांना दुसऱ्या लग्नाचं सुचवून गेले, हे मला पुष्कळ नंतर सासूबाईंनीच सांगितलं. ह्यांनी मागावर इकडून तिकडं फिरणारा धोटा न थांबवता उत्तर दिलं होतं, "माग बंद पडला म्हणून कुणी ताण्याचं उभं सूत कापून टाकतंय व्हय?"

माळावर

दवाखाना गावाबाहेर उंच माळावर होता. बायकांच्या वॉर्डात आम्ही अकराजणी. खाटा ओळीनं व्हरांड्यात मांडलेल्या, तिन्ही बाजू उघड्या. उन्हाळ्यात ते बरं वाटलं. हिवाळ्यात पहाटेचं धुकं सरळ गोधडीवर येऊन बसायचं. तीच मोकळी हवा आमचं औषध. दुसरं औषध म्हणजे पडून राहणं, आणि तिसरं खाणं: दूध, अंडी, नाचण्याची आंबील. सहाला तापमापी, सातला दूध, दहाला डॉक्टर, दुपारी दोन तास सक्तीची विश्रांती, पुन्हा तापमापी. दुखऱ्या फुफ्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून कुणाच्या छातीत सुईनं हवा भरायची असली तर मंगळवारी. कुणाची खाट रिकामी झाली, की तिची गादी दोन दिवस उन्हात पडायची. त्या गादीकडं कुणी बघायचं नाही, असा आमच्यात न ठरवता ठरलेला नियम होता.

माझ्या शेजारच्या खाटेवर गंगाक्का होती. नंदगडजवळच्या एका खेड्यातली, भातशेती करणारी, चाळिशीची. तिचा आवाज शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा. मी बोलत नाही म्हणून ती माझ्याही वाटचं बोलायची. मी पाटीवर लिहिलेलं तिला वाचता यायचं नाही. पण माझ्या चेहऱ्याकडं बघून ती सिस्टरना सांगायची, "मास्तरीनबायला आज दूध नको झालंय." आणि ते खरंच असायचं.

नऊ महिने मी एक शब्द बोलले नाही. पहिले दोन महिने मला स्वप्नातसुद्धा पाढे ऐकू यायचे. नंतर तेही थांबलं. मला भीती वाटू लागली ती मरणाची कमी आणि आवाजाची जास्त. आत काही उरलंय की सगळं खाऊन गेलंय, हे कळायला मार्ग नव्हता. बोलून बघायला तर बंदी.

महिन्यातून एका रविवारी हे इंदूला घेऊन यायचे. मुलांना तारेच्या कुंपणापलीकडं उभं करायची परवानगी होती. मला खुर्चीसकट उचलून आणत; मी अलीकडं सात-आठ हातांवर बसायची आणि हात हलवायची. दिवाळीनंतरच्या भेटीत इंदूनं विचारलं, "आप्पा, आई मुकी हाय?"

ह्यांनी तिला कडेवर घेतलं आणि म्हणाले, "न्हाय गं."  मी नुसता हात हलवत राहिले.

पेटी आली

निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची बहीण ह्याच दवाखान्यातून बरी होऊन गेली होती. त्यांनी त्या आनंदात दवाखान्याला एक रेडिओ दिला. दवाखान्यात वीज नव्हती, म्हणून तो बॅटरीवर चालायचा. ती जड बॅटरी कॅम्पातून भरून आणावी लागे. पेटी अर्थातच पुरुषांच्या वॉर्डात गेली. संध्याकाळी वारा आमच्याकडं असला तर बातम्यांचे तुकडे ऐकू यायचे.

"त्यास्नीच कान हाईत व्हय? आमास्नी न्हाईत?" गंगाक्कानं एके दिवशी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, पण पौषातल्या एका गुरुवारी नव्यानं भरलेल्या बॅटरीसकट पेटी आमच्या व्हरांड्यात आली. तीही एका दिवसासाठी.

रोझी सिस्टर कॅम्पातल्या. ताठ, कडक, आणि हातानं फार हळुवार. त्यांनी पेटी टेबलावर ठेवली, आवाज पकडणारी आकाशीची तार कडुनिंबाला बांधली आणि म्हणाल्या, "बायकांनो, बॅटरी सहा तासांच्या वर चालणार नाही. मुंबईचं केंद्र सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लागतं. सगळं ऐकाल तर संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरेल. काय ठेवायचं, काय सोडायचं ते ठरवा."

बहुतेकींना गाणी हवी होती. गंगाक्का उठून बसली. "गाणं मी बी म्हणून दाखवतो की. जात्यावरची शंभर येत्यात मला. पर हितं नवीन माणूस बोलाय कुठं येतंय? तीच आमची अकरा तोंडं, त्यातलं एक बंद. बोलणारी माणसं लावा, सिस्टर. गाणं लागलं की कान पिळा त्येचा."

हात वर करून मतं घेतली. माझाही हात वर गेला. नऊ महिन्यांत मी कशाबद्दल तरी मत दिलं होतं, ते हेच.

सकाळ आणि दुपार

सातला दुधाबरोबर बातम्या झाल्या. लढाईच्या बातम्या रोजच्यासारख्याच लांबच्या आणि भयंकर होत्या. मग एक म्हातारे गृहस्थ पाच मिनिटं समाधानाविषयी बोलले. त्यांचा आवाज कापत होता. थंडीनं की वयानं कळेना. "ह्येला कुणीतरी शाल द्या," गंगाक्का म्हणाली. पुढं भजन लागलं तेव्हा सिस्टरनी कान पिळला, आणि नुसत्या त्या शांततेलाच चौघी-पाचजणी हसल्या. सकाळी डॉक्टर आले ते तपासणी उरकून पेटीकडं एकदा बघून गेले. आमच्यातल्या दोघींचा ताप त्या दिवशी खाली होता, हे त्यांनी कागदावर लिहिलं. 

दुपारी बायकांसाठी कार्यक्रम होता. एक बाई थंडीत लहान मुलांची निगा कशी राखावी ते सांगत होत्या. तिळाचं तेल कोमट करावं, आधी तळव्यांना लावावं, मग छातीला. आमच्यातल्या सातजणींची मुलं घरी होती. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. एका कोपऱ्यातून हुंदका आला. सिस्टरनी पेटीच्या बटणाकडं हात नेला, तेव्हा तीच रडणारी बाई म्हणाली, "असू द्या सिस्टर. ऐकू द्या. सासूबाईला चिठ्ठीत लिवायचं हाय." मग मी पाटीवर सगळं उतरवून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या सात नकला कागदावर केल्या. नऊ महिन्यांत मी पहिल्यांदा पुन्हा मास्तरीण झाले होते.

त्यानंतर शाळांसाठी एक पाठ लागला. विषय समुद्राचा. शिकवणारे गृहस्थ फार भरभर बोलत होते. मला सारखं वाटत होतं, की इथं थांबावं, मुलींना प्रश्न विचारावा. थांबायची जागा चुकली की मी बोट उचलायची, आणि गंगाक्का मोठ्यानं म्हणायची, "हळू रं बाबा, मास्तरीन कावली."

मग सक्तीची विश्रांती. पेटी बंद. पण त्या दुपारी कुणी झोपलं नाही. सगळ्याजणी छताकडं बघत डोक्यात काहीतरी घोळवत पडल्या होत्या, आणि ते आपलं दुखणं नव्हतं. एवढ्यासाठीच मी त्या व्यापाऱ्याची आणि त्याच्या बहिणीची आजन्म ऋणी आहे.

संध्याकाळ

सूर्य कलला तशी थंडी वाढली आणि पेटी सकाळपेक्षा स्वच्छ बोलू लागली. आधी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागला. एक तज्ज्ञ भाताच्या बियाण्याबद्दल सांगत होता.

"ह्यो कवा चिखलात उतरलाय का?" गंगाक्का म्हणाली. थोड्या वेळानं, "आता बराबर बोलला." आणि शेवटी जरा नाराजीनं, "उतरलाय वाटतं."

त्यानंतर विनोदी संवाद. एका नवऱ्याला थंडीत आंघोळ करायची नसते. तो न्हाणीघरात जाऊन दार लावतो, तांब्यानं पाणी नुसतं फरशीवर ओततो आणि वर मोठ्यानं 'हर हर गंगे' ओरडतो. बाहेरून बायको विचारते, पाणी कढत आहे का? आतून हा म्हणतो, फार कढत! आणि बायको म्हणते, अहो, पण चूल तर मी अजून पेटवलीच नाही!

वॉर्डात हशा फुटला. ज्या बायकांना खोकल्याच्या भीतीनं हसायचीही चोरी, त्या तोंडावर पदर दाबून हसत होत्या. रोझी सिस्टर हसत हसत दिव्यांच्या काचा आणायला आत गेल्या. सगळ्यांची तोंडं पेटीकडं होती. गंगाक्का म्हणाली, "आमचं मालक बी आसंच..."

आणि वाक्य तुटलं.

मी वळून पाहिलं. ती उठून बसली होती, हात तोंडावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. थोडंथोडकं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत हसणं अजून पुरतं मावळलं नव्हतं, आणि भीती येऊन पोचली होती.

मी पाटी उचलून खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडच्या खाटेवरची मुलगी पेटीकडचं तोंड न वळवता म्हणाली, "बघा, मास्तरीनबाई बी टाळ्या वाजवाय लागल्या!" पुन्हा हशा उसळला. पाटी फुटली. उठून पळावं तर मला तेव्हा दहा पावलं चालायचीही परवानगी नव्हती, आणि पायांना सवयही नव्हती. दिव्यांची खोली व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती.

तेवढ्या क्षणात मी काय विचार केला, हे लोक मला विचारतात. खरं सांगते, मोठा विचार काही केला नाही. आता ओरडले तर नऊ महिने पाण्यात जातील, हे डोक्यात आलं. कदाचित आवाज निघणारच नाही, हेही आलं. आणि गंगाक्काचा हात माझ्या खाटेवर येऊन पडला.

"सिस्टर!"

मी ओरडले. आवाज निघाला. माझा नव्हता तो. जाड, गंजलेला, दार करकरावं तसा. पण निघाला. पुन्हा ओरडले, "सिस्टर! रक्त!"

सगळा वॉर्ड गप्प झाला. पेटीतला नवरा एकटाच बोलत राहिला. रोझी सिस्टर धावत आल्या. त्यांनी गंगाक्काला दुखऱ्या कुशीवर वळवलं, डोकं उंच केलं, "बोलू नको, हलू नको, मी आहे," म्हणत थंड फडकी छातीवर ठेवली. डॉक्टर आले, सुई टोचली. कुणीतरी पेटी बंद केली. अर्ध्या तासानं रक्त थांबलं.

मी तोंडावर हात दाबून बसले होते. जणू उशिरा का होईना, तो आवाज परत आत कोंबता येईल.

दुसऱ्या दिवशी

सकाळी डॉक्टर आधी गंगाक्काकडं गेले. ती पांढरीफटक होती, पण जिवंत होती. मग ते माझ्याकडं आले. कपाळावर आरसा.

"तुम्हाला बोलायची मनाई होती," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. पाटी फुटल्यामुळं उत्तर द्यायला काही साधन नव्हतं.

त्यांनी जीभ धरली, आरसा घातला, पाहिलं. मग मला बाहेरच्या उजेडाकडं वळवून पुन्हा पाहिलं. रोझी सिस्टर गळ्यातल्या क्रुसाला हात लावून उभ्या होत्या.

"जखम भरली आहे," डॉक्टर म्हणाले. "ओरडूनही फाटलेली नाही, म्हणजे चांगली भरली आहे. पण म्हणून आणखी ओरडायचं नाही. अजून एक महिना पूर्ण मौन. त्यानंतर रोज दहा शब्द. मोजून."

ते गेल्यावर सिस्टरनी माझ्या कपाळावर हात ठेवला. गंगाक्काला बोलायला बंदी होती, म्हणून तिनं नुसता हात लांब केला. त्या दिवसापासून आठवडाभर आम्ही दोघी मुक्या शेजारणी. आता तिला दूध नको झालं की मी तिच्या तोंडाकडं बघून ओळखायची आणि सिस्टरना खुणेनं सांगायची.

पेटीला आमच्या वॉर्डात पुन्हा परवानगी मिळेल असं वाटलं नव्हतं. पण डॉक्टरांनी ती महिन्याला एक दिवस दिली. अट एकच, विनोदी कार्यक्रम लागला की कान पिळायचा. गंगाक्का पुढच्या दिवाळीपर्यंत तिथं होती. मग घरी गेली. अजून आहे. शेतात उतरत नाही, बांधावर बसून सगळ्यांना सांगते, असं तिचा पुतण्या परवा शनिवारच्या बाजारात सांगत होता.

सगळ्यांचं असं होत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या अकराजणींतल्या चौघी घरी परतल्या नाहीत. त्यांची नावं मी रोज घेते. मी त्यांच्यापेक्षा शहाणी किंवा धीराची नव्हते. मला वेळेवर डॉक्टर मिळाले, दूध मिळालं, न बोलणारा नवरा आणि फार बोलणारी शेजारीण मिळाली. जे आत्ता खाटेवर पडून हे वाचत असतील त्यांना माझं एकच सांगणं. आपल्या दुखण्याबाहेरचं काहीतरी रोज कानांवर पडू द्या. पेटी नसेल तर शेजारणीला बोलतं करा.

दहा शब्द

महिना संपला. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी हे इंदूला घेऊन कुंपणाशी आले. परवानगीची गोष्ट चिठ्ठीनं आधीच कळवली होती. आदल्या दिवशीपासून मी दहा शब्द जुळवत होते. 'बाळ, मी लवकर घरी येईन' असं काहीतरी. खोडत होते, पुन्हा जुळवत होते.

इंदू आता साडेतीन वर्षांची. लोकरी टोपडं घातलेली. कुंपणाची तार धरून माझ्याकडं बघत होती, जरा परक्यासारखी. आणि मी जुळवलेलं सगळं विसरले.

"इंदू," मी म्हणाले.

तिचे डोळे मोठे झाले. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"परत," ती म्हणाली.

"इंदू."

"परत!"

हे बोटं मोजत होते. मी दहाही शब्द तिच्या नावावरच घालवले. प्रत्येक वेळी आवाज थोडा कमी गंजलेला निघत होता. दहाव्यानंतर ती पुन्हा "परत" म्हणाली, तेव्हा मी ओठ मिटून मान हलवली. तिचं तोंड रडवेलं झालं.

हे खाली वाकले. आयुष्यात क्वचितच इतकं सलग बोलले असतील. "आईचं आजचं संपलं. उद्याचं उद्या. आता तू बोल. काय बी बोल. आई ऐकती."

 इंदूनं तार दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ती बोलू लागली. शेजारच्या मांजरीबद्दल, आजीनं केलेल्या तिळाच्या लाडवांबद्दल, तिच्या हातून तुटलेल्या सुताबद्दल. घंटा होईपर्यंत ती थांबली नाही, आणि मी त्यातलं एक अक्षरही सांडू दिलं नाही.